‘तुरुंगात कोण आहे ते बघा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नाशिकमध्ये कुठे सोनसाखळी खेचली गेली, एखाद्या सोसायटीत घरफोडी झाली, की दोन दिवसांत एक लांबलचक फॉरवर्ड ग्रुपांवर फिरायला लागतो. लिहिणाऱ्याचं नाव नसतं, शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’ एवढं असतं. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच. वंशभेद ही अमेरिकेची भानगड, ती इकडे आणू नका. आपल्याकडे कायद्यापुढे सगळे सारखे. तुरुंगात कोण भरलेत ते बघा, आकडे खोटं बोलत नाहीत. इंग्रजांनी काही जमातींना गुन्हेगार ठरवलं ते काय उगाच? कुणी खरंच निर्दोष असेल तर कोर्ट सोडतंच. अॅट्रॉसिटीच्या केसेस बहुतेक खोट्या. आणि हक्क काही रस्ता अडवून मिळत नसतात.

मी इथल्या कोर्टात फौजदारी कामं चालवतो. हा मजकूर मला अशिलांनी पाठवला आहे, नातेवाइकांनी पाठवला आहे, आणि वकिलांच्या बारमधल्या एका सीनियरनेही पाठवला, तेव्हा मात्र राहवलं नाही. फॉरवर्डचा क्रम मी पाळत नाही. जो मुद्दा वाचून बहुतेकांची मान डोलते, तोच आधी घेतो.

‘निर्दोष असेल तर कोर्ट सोडतंच’

जून २००३ मध्ये शेतात राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच माणसं मारली गेली, बलात्कार झाले. अंगावर काटा यावा असाच गुन्हा होता. भटक्या जमातीतले सहा मजूर आरोपी म्हणून उभे राहिले. खटला नाशिकच्या सत्र न्यायालयात चालला आणि २००६ मध्ये सहाही जणांना फाशी झाली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील मान्य करून पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं.

का सोडलं हे वाचण्यासारखं आहे. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने घटनेनंतर लगेच, पोलिसांकडच्या सराईत गुन्हेगारांच्या फोटोंमधून चार माणसं ओळखली होती. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्या चौघांचा तपासच झाला नाही. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने बोट दाखवलेली माणसं बाजूला राहिली आणि ज्यांच्यामागे ना वकील ना गाव, ते फासाच्या दारात गेले. सहांपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने निकालात लिहिलं की हे आरोपी भटक्या जमातीतले, अत्यंत गरीब मजूर आहेत आणि त्यांना खोटं गुंतवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही. प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले, तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशी करायला सांगितली.

‘सोडलं ना शेवटी?’ सोडलं. सोळा वर्षांनी. त्यातला मोठा काळ फाशीची टांगती तलवार, बाकी कैद्यांपासून वेगळं ठेवलेलं, पॅरोल नाही. आणि लक्षात घ्या, त्यांच्या बाजूने लागलेला निकाल हा तिसऱ्या पायरीवरचा दुसरा निकाल होता. प्रकरण फाशीचं होतं म्हणून ते वरपर्यंत गेलं, चांगले वकील धावून आले. भुरट्या चोरीच्या आरोपात अडकलेल्यासाठी दिल्लीला कोण जातं?

आता फाशी सोडा, रोजचं काम बघू. समजा, पालावर राहणाऱ्या एका पोराला मोबाइलचोरीत उचललं. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी संपली, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली, आमच्यासारख्या कुणीतरी अर्ज टाकला, साहेबांनी पंधरा हजारांचा जामीन मंजूर केला, ‘एक लायक जामीनदार’ या अटीवर. फॉरवर्डवाल्यांच्या लेखी इथे न्याय झाला. पण जामीनदार कसा लागतो? त्याचा सातबारा पाहिजे, नाहीतर घरपट्टीची पावती. आधार, रेशनकार्ड, फोटो. बऱ्याचदा तहसीलमधून ऐपतीचा दाखला. ज्याचे सगळे नातेवाईक पालांवर राहतात, त्यातल्या कुणाच्या नावावर सातबारा असणार? कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारे मिळतात, पण ते बेकायदा, पकडलं गेलं तर आणखी एक गुन्हा. रोख रकमेवर सोडा असा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि पंधरा हजार रोख असते तर गोष्ट निराळी होती.

मग पोरगा आतच राहतो. तीनचार महिन्यांनी त्याला कुणीतरी सांगतं, गुन्हा कबूल करून टाक, भोगलेली कोठडी शिक्षेत वजा होईल, आजच सुटशील. तो कबूल करतो. चोरी केलेली असो वा नसो. संध्याकाळी नाशिकरोडच्या तुरुंगाच्या फाटकातून बाहेर येतो आणि तेव्हापासून पोलीस ठाण्याच्या दप्तरी तो ‘पूर्वी शिक्षा झालेला’ असतो. पुढच्या चोरीत पहिला फोन त्याच्याच वस्तीत वाजतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ आलं, जुलै २०२४ पासून लागू आहे. त्यात पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला सोडायचं, अशी चांगली तरतूद आहे. पण ती ज्याला पूर्वी कधीच शिक्षा झालेली नाही त्याच्यासाठी. सुटकेच्या घाईत ज्याने कबुली दिली, तो त्यातून बाद.

यात वाईट माणूस कोण आहे ते दाखवा. न्यायाधीशांनी जामीन दिला, कारकुनाने नियमाने कागद मागितले, वकिलाने व्यवहारी सल्ला दिला. कुणाच्याही मनात त्या पोराच्या जमातीबद्दल राग असण्याची गरज पडली नाही.

‘आकडे खोटं बोलत नाहीत’

आकडे घेऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१९ च्या अहवालात देशभरातल्या तुरुंगांत ४,७८,६०० कैदी होते. त्यातले ३,३०,४८७, म्हणजे दर दहातले जवळपास सात, कच्चे कैदी होते, खटला न संपलेले. शिक्षा झालेल्यांत अनुसूचित जातींचे २१.७ टक्के, जमातींचे १३.६ टक्के, मुस्लिम १६.६ टक्के. कच्च्या कैद्यांत हेच प्रमाण अनुक्रमे २१, १०.५ आणि १८.७ टक्के. २०११ च्या जनगणनेत त्यांचा वाटा १६.६, ८.६ आणि १४.२ टक्के होता.

जास्त आहेत, हे खरंच. पण तुरुंगातल्या गणतीत गुन्हे मोजले जात नाहीत. कुणाला पकडलं, कुणाला जामीनदार मिळाला नाही, कुणाचा वकील तारखेला आलाच नाही, एवढंच त्यात मोजलं जातं. मुस्लिमांचा आकडा पुन्हा बघा. खटल्याआधी आत असलेल्यांत त्यांचा वाटा दोषी ठरलेल्यांतल्या वाट्यापेक्षा मोठा आहे. दलितांमध्ये हा फरक जवळजवळ दिसत नाही, आदिवासींमध्ये तो उलटा आहे. म्हणून या एका तक्त्यावर मी सिद्धान्त उभा करणार नाही, आणि फॉरवर्डवाल्यांनीही करू नये.

पोलिसांच्या मनात काय आहे याचाही एक आकडा उपलब्ध आहे. कॉमन कॉज आणि सीएसडीएस या संस्थांनी २०१९ मध्ये एकवीस राज्यांतल्या सुमारे बारा हजार पोलिसांची पाहणी प्रसिद्ध केली. मुस्लिमांचा कल स्वभावतःच गुन्ह्याकडे असतो, असं कमीअधिक प्रमाणात मानणारे दर दोघांत एक निघाले. ज्याला गस्तीवर कुणाला थांबवायचं ते ठरवायचं आहे, त्याच्याच डोक्यात उत्तर आधी तयार असेल तर गणतीत दुसरं काय दिसणार?

फॉरवर्डमध्ये अमेरिकेचं नाव आलंच आहे, तर तिथलंही एक बघू. १९८६ च्या तिथल्या अमली पदार्थविरोधी कायद्यात पाच ग्रॅम क्रॅक कोकेन सापडलं की किमान पाच वर्षं. पावडर कोकेनसाठी तेवढीच शिक्षा व्हायला पाचशे ग्रॅम लागायचं. माल मुळात एकच. क्रॅक स्वस्त, गरीब काळ्या वस्त्यांत विकलं जाणारं. पावडर महाग, गोऱ्या पैसेवाल्यांच्या पार्ट्यांत चालणारी. कायद्यात ‘काळा’ हा शब्द कुठेच नव्हता. चोवीस वर्षांनी, २०१० मध्ये, हे शंभरास एक प्रमाण अठरास एक केलं गेलं. पूर्ण सारखं तेव्हाही नाही. दरम्यान तुरुंग काळ्या तरुणांनी भरले आणि ‘तुरुंगात कोण आहे ते बघा’ म्हणणारे तिथेही होतेच.

आपल्या जिल्ह्यातलं सांगतो. दर हंगामात निफाड-दिंडोरीकडे एखादा व्यापारी बागायतदारांचा लाखोंचा द्राक्षमाल उधारीवर उचलतो आणि पसार होतो. चेक परत येतात, शेतकरी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवतात. एका सोनसाखळीच्या कित्येक पट रक्कम बुडते, घरातलं लग्न मोडतं, कर्ज थकतं. त्या व्यापाऱ्याच्या जातीवर फॉरवर्ड निघाल्याचं कुणी पाहिलंय? त्याचं नाव, त्याचा फोटो, त्याचा गुन्हा, संपलं. आणि तसंच असायला पाहिजे. मला फक्त तोच नियम पालावरच्या पोराला लागू हवा आहे.

‘इंग्रजांनी उगाच नाही ठरवलं’

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्यामागचा युक्तिवाद असा होता की हिंदुस्थानात धंदा जातीने चालतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तर गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार. एवढ्यावर अख्ख्या जमाती नोंदवहीत गेल्या. मूल जन्मलं की आरोपी. पुढे हजेरी आली, गाव सोडायला पास आला, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट आली.

त्या याद्यांमध्ये गेलेले बंजारा बघा. त्यांचे तांडे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलुख तुडवायचे; मोठमोठ्या फौजांना रसद पुरवणारे हेच लोक. १८६० च्या दशकात कसाऱ्याचा घाट फोडून रेल्वे इगतपुरीला चढली, तशी ती देशभर चढत गेली आणि माल वॅगनमध्ये गेला. सरकारच्या मीठ-धोरणाने उरलेला धंदा आवळला. धंदा गेलेली, सतत फिरणारी, सारा न भरणारी माणसं राज्यकर्त्याला संशयास्पद वाटतात. इंग्रजांनी ‘उगाच’ ठरवलं नाही हे खरंच, त्यांच्या दृष्टीने त्यात सोय होती. ती सोय म्हणजे पुरावा, असं आपण आजही धरून चालायचं का?

३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. सात वर्षांत मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, १९५९ चा. कागदावर तो व्यक्तीसाठी आहे, जमातीसाठी नाही. पोलीस ठाण्यातल्या जुन्या वह्या मात्र त्याच होत्या आणि कोम्बिंग ऑपरेशनची जीप आजही आधी कुठल्या वस्तीकडे वळते ते पंचवटीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीनेही भारताला सराईत गुन्हेगारांचा कायदा रद्द करायला सुचवलं होतं.

‘कायद्यापुढे सगळे सारखे, आणि वंशभेद अमेरिकेतला’

३ ऑक्टोबर २०२४ पर्यंत आपल्याच देशातल्या कित्येक राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांत कामाची वाटणी जातीवरून होती. स्वयंपाक कुणी करायचा, संडास कुणी साफ करायचा, हे छापील. विमुक्त जमातींचा उल्लेख सवयीचे गुन्हेगार म्हणून. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला लावला. राज्यघटना लागू होऊन चौऱ्याहत्तर वर्षं झाली होती. ‘सारखे’ म्हणणाऱ्यांनी हा निकाल एकदा तरी उघडावा.

जात आणि वंश एक नाहीत, हे मान्य. आपल्याकडे कातडीवरून ओळख पटत नाही, आडनाव विचारावं लागतं. पण यंत्रणा कशी वागते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच. लंडनमध्ये एप्रिल १९९३ मध्ये स्टीफन लॉरेन्स हा अठरा वर्षांचा काळा मुलगा बसथांब्यावर गोऱ्या पोरांनी भोसकून मारला. पोलिसांनी तपासाचा विचका केला. त्याची चौकशी करणाऱ्या १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने त्याला संस्थात्मक वंशभेद म्हटलं. नकळत बाळगलेले पूर्वग्रह, अज्ञान आणि बेपर्वाई यांमुळे अख्खी संस्थाच एका समाजाला नीट सेवा देऊ शकत नाही, असा त्याचा आशय. दोघांना शिक्षा व्हायला २०१२ उजाडलं. आमचं नाशिकचं प्रकरण याच्या शेजारी ठेवून वाचा.

आणि ‘इकडे आणू नका’ म्हणायला उशीर झालाय. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्येच ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांची सुटका करणाऱ्यांना अर्पण केली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे पुढारी डू बॉइस यांना पत्र लिहिलं, त्यांचं उत्तरही आलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. ही देवाणघेवाण दीडशे वर्षं जुनी आहे, २०२० मध्ये मिनीॲपोलिसला जॉर्ज फ्लॉइड मारला गेल्यावर इन्स्टाग्रामवरून आलेली नाही.

‘अॅट्रॉसिटीच्या केसेस खोट्या’

यावर थोडक्यात, कारण वाद जुना आहे. शिक्षेचं प्रमाण कमी म्हणून तक्रारी खोट्या, हे गणितच चुकीचं. शेजारच्या नगर जिल्ह्यात खर्ड्याला २०१४ मध्ये एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले, साक्षीदार फुटले होते. मुलगा तर मेला होता ना? खैरलांजीत एका दलित कुटुंबातले चार जीव गेले, दोषींना शिक्षा झाली, पण अॅट्रॉसिटीचं कलम मात्र टिकलं नाही. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गैरवापराच्या भीतीने अटकेवर निर्बंध आणले, २ एप्रिलला देश बंद झाला, संसदेने कायदा दुरुस्त केला आणि १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयाने स्वतःचेच ते निर्देश मागे घेतले. कारण दिलं ते असं: खोटी तक्रार कुणीही करू शकतो, तो माणसाचा दोष, जातीचा नव्हे. फॉरवर्डमध्ये २०१८ चा निकाल असतो, २०१९ चा नसतो.

‘हक्क रस्ता अडवून मिळत नसतात’

हे नाशिकमध्ये बसून लिहायला धाडस लागतं. २ मार्च १९३० ला याच गावात काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब होते, दादासाहेब गायकवाड होते, बायाबापड्या हजारोंनी होत्या. मागणी देवळात पाऊल टाकू देण्याची. दारं बंद झाली, पोलीस उभे राहिले ते दारांच्या बाजूने. त्या वर्षीच्या रामनवमीला रथावरून मारामारी, दगडफेक झाली. अटका झाल्या, गावोगाव सत्याग्रहींच्या घरच्यांवर बहिष्कार पडले. पाच वर्षं हे चाललं, आणि दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं ते त्यानंतर. मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ चा. तिकडे अमेरिकेत ७ मार्च १९६५ ला सेल्मा गावच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्यांना पोलिसांनी झोडपलं. पाच महिन्यांत, ऑगस्टमध्ये, मतदान हक्काचा कायदा झाला. अर्ज-विनंत्या दोन्हीकडे आधी झाल्याच होत्या.

आंदोलनात दगड उचलणाऱ्याची बाजू मी घेणार नाही, त्याच्यावर गुन्हा दाखल व्हावा. पण गुन्हा कुणावर आणि किती, हेही बघावं लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत राज्यघटनेच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर बंद झाला, धरपकड झाली. पकडलेल्यांतला वडार समाजातला कायद्याचा एक विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मेला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा निघाल्या. पोलिसांवर गुन्हा नोंदवायला जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

शेवटचं, त्या फॉरवर्डला जोडलेल्या फोटोंबद्दल. ‘या टोळीपासून सावध’ म्हणून कुणा फिरस्त्यांचा फोटो असतो, कुठला, कधीचा, काही पत्ता नसतो. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. आधी व्हॉट्सअॅपवर असेच मेसेज फिरत होते. त्याच दिवशी आपल्या जिल्ह्यात मालेगावला लहान लेकरू बरोबर असलेल्या एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं. त्यांना पोलिसांनी वाचवलं, आणि ते श्रेय पोलिसांना द्यायलाच पाहिजे. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फोटो आला असेल तर अॅडमिनला काढायला सांगा. नाही काढला तर सायबर पोलीस ठाण्यात स्क्रीनशॉट घेऊन जा. अर्ज कसा लिहायचा ते मी सांगेन, फी नाही.